जुळ्यांचा न जुळणारा हिशेब

बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात ‘जुळणं’ या क्रियापदाला जेवढं महत्त्व असतं, तेवढं लग्नं जमवणाऱ्या मध्यस्थाच्या आयुष्यातही नसेल. कॅश जुळली का? व्हाउचरं जुळली का? सही जुळते का? संध्याकाळी सगळं जुळलं की माणूस रिकामा डबा उचलून गाडी पकडायला मोकळा. वीस वर्षं हे क्रियापद मी इमानेइतबारे चालवलं. ते पाहून देवाला वाटलं असावं की या गृहस्थाला जुळण्याची भारीच हौस दिसते. त्याने ती पुरवली. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी जुळे झाले.

बातमी कळली ती सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत शांतपणे म्हणाल्या, “दोन आहेत हं.” बँकेत नोटांचं कुठलंही बंडल आम्ही दोनदा मोजतो. त्या सवयीने मी म्हणालो, “परत एकदा मोजता का?” बाई सज्जन होत्या. त्यांनी मोजलं. दोनच भरले. पलंगावरून ही म्हणाली, “आता तिसऱ्यांदा मोजायला सांगू नका. वाढतील.”

खरं सांगायचं तर आमचा अर्ज एकाचाच होता. चार वर्षांची एक मुलगी घरात होती, तिला सोबत म्हणून एक भावंड, एवढीच माफक मागणी. पण एका अर्जावर दोन मंजुऱ्या मिळण्याचा हा काही पहिला प्रसंग नव्हे. महाभारतातच त्याचा दाखला आहे. देवाला बोलावण्याचा मंत्र होता कुंतीकडे. पंडूने गळ घातली म्हणून तिने माद्रीला तो एकदाच वापरायला दिला. माद्री हुशार. तिने अश्विनीकुमारांना बोलावलं, आणि ते जोडीनेच येणारे. झाले नकुल-सहदेव! पुढे पंडू माद्रीसाठी पुन्हा रदबदली करायला गेला, तेव्हा कुंतीने साफ नकार दिला. एकदाच सांगितलं होतं तर हिने दोन मिळवले, आता मला पुन्हा सांगू नका, असा तिचा एकंदर सूर. कुंतीच्या जागी आमचे हेड ऑफिस असते, तर त्यांनीही हेच केलं असतं. वर नमुना अर्जात ‘देवांची संख्या’ असा एक रकाना वाढवला असता.

हेलिन नावाच्या एका डॉक्टरने १८९५ साली यावर एक ढोबळ नियम बसवला. दर ८९ बाळंतपणांत एक जुळं, आणि ८९ गुणिले ८९, म्हणजे ७,९२१ बाळंतपणांत एक तिळं. मी कॉमर्सचा पदवीधर. चक्रवाढ व्याज मला झोपेतही ओळखू येतं, पण ते बाळंतपणाला लावणारा माणूस जगात होऊन गेला हे मला ठाऊक नव्हतं. वंध्यत्वावरचे नवे उपचार निघाल्यापासून जुळ्यांचं प्रमाण वाढलं आहे, तेव्हा हेलिनसाहेबांचा दर आता जुना झाला. पण ८८ घरं सोडून नेमकं आमचंच दार का वाजलं, याचा खुलासा त्यांच्याही नियमात नाही.

पत्रिकेत मुलांची नावं चांगली भारदस्त आहेत. पण पेढे खाता खाताच शाखेतल्या मंडळींनी त्यांचं नामकरण करून टाकलं. एक डेबिट, दुसरा क्रेडिट. जो चार मिनिटं आधी आला आणि आल्या क्षणापासून फक्त घेतच राहिला, तो डेबिट. जो दूध घेतो आणि तत्काळ माझ्या खांद्यावर परत करतो, तो क्रेडिट. पुढे आमच्या आईनेही हीच नावं उचलली. फक्त ती ‘डेबूट’ म्हणते.

दोघे दिसायला इतके सारखे, की हिशेबाचा पहिला घोळ तिथेच झाला. उपाय म्हणून आईने डेबिटच्या उजव्या पायात काळा दोरा बांधला. तीन महिने दोऱ्याने चोख काम केलं. मग एका रविवारी आंघोळ घालताना आई एकदम ओरडली, “अरे, दोरा!” मी धावलो. दोरा बादलीत तरंगत होता आणि पाटावर दोन टॉवेलांत दोन पोरं गुंडाळलेली होती. त्यातल्या एकाची आंघोळ दोनदा झाली होती आणि दुसऱ्याची व्हायची होती. कोणाची, हे सांगायला ती दोघंच समर्थ होती, आणि ती बोलत नव्हती.

तुम्ही म्हणाल, हा आमच्या घरचा गबाळेपणा. मुळीच नाही. याला ऐतिहासिक आधार आहे. १८७५ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन नावाच्या विद्वानाने चक्क ‘जुळ्यांचा इतिहास’ या नावाचा निबंध लिहिला. हा डार्विनचा नात्याने भाऊ. माणूस घडतो तो रक्ताने की संगोपनाने, हे शोधायला त्याने जुळ्यांना आणि त्यांच्या नातेवाइकांना प्रश्नावल्या पाठवल्या. उत्तरांत आयांनी काय काय कळवलं होतं! ओळखण्यासाठी मनगटाला नाहीतर गळ्याला फीत बांधायची, तरीसुद्धा एकाचं जेवण दुसऱ्याला, एकाचं औषध दुसऱ्याला आणि एकाचा मार दुसऱ्याला बसायचाच. एका घरात तर पोरं टबात आंघोळ करताना अदलाबदल झाली की काय, ही शंका कायमची राहून गेली. ते वाचून मला फार बरं वाटलं. विक्टोरिया राणीच्या राज्यात नोकरचाकर ठेवणाऱ्या घरांची ही कथा, तर डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत आमचं काय? गाल्टनने पुढे त्याच बुद्धीने माणसांची प्रतवारी लावण्याचं भलतं खूळ काढलं, ते सोडून देऊ. त्याला स्वतःला मूल नव्हतं. असतं, तर प्रश्नावल्या पाठवायला वेळ कुठून मिळाला असता?

त्या रविवारी प्रश्न सोडवला तो आमच्या थोरलीने. ती खालून खेळून आली, दोन्ही टॉवेलांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “हा डेबिट. आंघोळ त्याची राहिलीय.”

“कशावरून?”

“हा खोटं रडतो. तो खरं रडतो.”

एवढं बोलून ती बिस्किट शोधायला निघून गेली. आम्ही तिघं मोठी माणसं त्या दोघांचं रडणं कान देऊन ऐकत उभे राहिलो. आम्हाला दोन्ही खरंच वाटलं.

दुसरा घोळ औषधाचा. एका रात्री मी डेबिटला व्हिटॅमिनचे थेंब पाजले आणि अर्ध्या तासाने हिने पुन्हा डेबिटलाच पाजले. क्रेडिट कोरडा राहिला. डॉक्टर म्हणाले, एका दिवसाने काही बिघडत नाही, पण लिहून ठेवत जा. लिहून ठेवा म्हटल्यावर माझ्यातला कारकून जागा झाला. बँकेत संगणक आले आणि जाडजूड लेजरं गेली, याची रुखरुख मनात होतीच. मी बाजारात जाऊन लाल पाठीचं दोनशे पानी रजिस्टर आणलं. पट्टीने रेघा मारल्या. वेळ, डेबिट, क्रेडिट, शेवटी ‘इतर’. दूध, औषध, झोप, ताप, शी, प्रत्येक गोष्टीची नोंद. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून सही करायची, याला मेकर-चेकर म्हणतात. घरातही तेच चालू केलं. रात्री तीन वाजता एक पोर खांद्यावर आणि दुसरं मांडीवर घेऊन ही विचारायची, “अहो, दोनच्या दुधाला तुमची सही नाही.” सासरेबुवा म्हणाले, जावयाच्या घरी ऑडिट लागलं तरी घाबरायला नको.

ऑडिट लागलं नाही, पण एक कायदेशीर मुद्दा निघाला. माझे मेहुणे राज्य सरकारच्या नोकरीत. बारशाला आले आणि जिलबी खाता खाता गंभीर होऊन म्हणाले, “बरं झालं तुम्ही आमच्याकडे नाही. तीन म्हणजे…” मग स्वतःच थांबले, “नाही, नाही. तुम्हाला सूट आहे.”

ही सूट समजून घेण्यासारखी आहे. पोरं मोजण्याचा आपल्याकडचा इतिहास जुना. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली, लोकांच्या शिव्या खात. सरकारने देशभर कार्यक्रम आखला १९५२ मध्ये. मग भिंतींवर लाल त्रिकोण आला, ‘दोन किंवा तीन बस’ आलं, आणि पुढे आकडा आणखी उतरून ‘हम दो हमारे दो’ झाला. शेवटी महाराष्ट्र सरकारने २००५ साली लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचे नियमच केले. दोनपेक्षा जास्त मुलं असली तर सरकारी नोकरीला अपात्र. पण नियम करणाऱ्यांत कोणीतरी दयाळू माणूस बसलेला असावा. आधी एकच मूल असेल आणि नंतरच्या एका बाळंतपणात कितीही मुलं झाली, तरी ती सगळी मिळून एकच धरायची, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे.

म्हणजे सरकारदप्तरी डेबिट आणि क्रेडिट हे मिळून एक नग! दोन तोंडं, चार हात, दिवसाला सोळा लंगोट, आणि नग एक. जॉइंट खातं म्हणा ना.

आता हे दोन की एक, हे कोडं सरकारलाच पडलं असं नाही. वेदांतल्या ऋषींनाही पडलं होतं. ऋग्वेदात अश्विनीकुमार येतात ते जोडीने, आणि त्यांना हाक मारली जाते ती द्विवचनात. संस्कृतात एक, दोन आणि पुष्कळ अशी तीन वचनं. मराठीने त्यातलं द्विवचन टाकून दिलं. आपल्याकडे एकानंतर एकदम पुष्कळ. शाळेत असताना मला ही मराठीची गरिबी वाटायची. आता वाटतं, हा निर्णय भाषेने घरात जुळे वाढवूनच घेतला असणार. एक मूल म्हणजे एक. दोन म्हणजे पुष्कळ.

दोघे वेगळे असल्याचा पक्का पुरावा निसर्गाने बोटांच्या टोकावर ठेवला आहे. पुन्हा आपला गाल्टनच. १८९२ साली त्याने बोटांच्या ठशांवर पुस्तक लिहिलं. एकसारख्या जुळ्यांचेसुद्धा ठसे वेगळे असतात. ज्या माणसाने वीस वर्षं काउंटरवर अंगठे उठवून घेतले, त्याला ही केवढी दिलाशाची गोष्ट! म्हटलं, चला, आधार कार्ड काढून टाकू. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. तेव्हा महाराष्ट्राचा हक्कच आहे. दोघांना दोन काखेत मारून केंद्रावर गेलो. तिथे कळलं, पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. फक्त फोटो! डेबिटचा फोटो झाला. क्रेडिटला पुढे केला तर तिथला मुलगा अदबीने म्हणाला, “काका, यांचा आत्ताच काढला ना?”

शेवटी उरला वडीलधारेपणाचा प्रश्न. चार मिनिटांनी का होईना, डेबिट थोरला, असं मी धरून चाललो होतो. आईने हरकत घेतली. तिच्या मते मागून येतो तोच थोरला. नायजेरियाच्या नैऋत्य भागात योरुबा लोक राहतात, त्यांच्यात जुळी फार. त्यांचंही म्हणणं अगदी हेच. पहिल्या येणाऱ्याचं नाव ताइवो, मागून येणाऱ्याचं केहिंदे. जग राहण्यासारखं आहे का, हे बघून यायला केहिंदेने ताइवोला पुढे पाठवलेलं असतं. हुकूम देणारा थोरला, हेलपाटा घालणारा धाकटा. आमची आई नायजेरियाला गेलेली नाही. ती लांबात लांब गेली ती पंढरपूरला. पण दोन खंडांतल्या म्हाताऱ्यांचं एकमत झाल्यावर मी वाद घातला नाही. योरुबांची व्यवस्था तर इतकी काटेकोर, की जुळ्यांच्या पाठीवर जे मूल होतं त्याचंही नाव ठरलेलं. इदोवू.

पाठीवर येणाऱ्याची सोय झाली. पण आधीपासून येऊन बसलेल्याचं काय?

आमची थोरली दवाखान्यात जुळे यायच्या आदल्या रात्रीपर्यंत ‘छकुली’ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ‘ताई’ झाली. बँकेत बढती मिळते तेव्हा आधी परीक्षा असते, मुलाखत असते, नको असेल तर नकार लिहून देता येतो. हिला कोणी विचारलं नाही. बढतीबरोबर बदलीही झाली, आईच्या कुशीतून आजीच्या खोलीत. पगारवाढ नाहीच. कामं मात्र भराभर वाढली. दुपटं आण, खुळखुळा वाजव, दार हळू लाव, आत्ता नको, जरा थांब. ‘तू मोठी ना?’ हे वाक्य आमच्या घरात दिवसाला इतक्यांदा उच्चारलं जायचं, की रजिस्टरात त्याचाही रकाना निघाला असता. आणि ती खरोखरच मोठी झाली. बिस्किट मोडायची ते बरोबर मधोमध. एक अर्धं डेबिटला, दुसरं अर्धं क्रेडिटला. तिचं कुठे गेलं, हे मी कधी तपासलं नाही. ताळा जमत होता, मग तपासायचं कशाला?

पुराणात असंच एक घर आहे. विवस्वान म्हणजे सूर्य, बायको संज्ञा. त्यांना आधी मनू झाला आणि मग यम आणि यमी हे जुळे. पुढे संज्ञा आपल्या जागी आपलीच छाया ठेवून घरातून निघून गेली. नवऱ्याचं तेज तिला सोसवेना, असं पुराणं सांगतात. लिहिणारे ऋषी पुरुष होते, त्यांनी नवऱ्याचं तेज पाहिलं. आमच्या हिला ही गोष्ट सांगितली, तर ती लंगोटांची घडी घालता घालता एवढंच म्हणाली, “एक मोठं, दोन जुळे, आणि नवरा दिवसभर बाहेर. मी तर छायाही ठेवली नसती.”

त्या घरातल्या जुळ्यांचं पुढे नाव झालं. यमाकडे मृत्यूचं खातं गेलं आणि चित्रगुप्तासारखा कारकून मिळाला. यमी यमुना होऊन वाहू लागली. भाऊबीज आपण करतो ती या जुळ्यांचीच. मनूचं लहानपण कसं गेलं, तो कोणाच्या खोलीत झोपायचा, यावर माझ्या वाचण्यात एक ओळ नाही. वास्तविक मानव हा शब्द त्याच्यावरून आला. आपण सगळे वंशज आहोत ते त्या थोरल्याचे. ‘जरा थांब’ ऐकत गप्प बसलेल्या पोराचे.

हे शहाणपण मला पुराण वाचून सुचलं नाही. त्याला मार्चअखेर यावी लागली. यंदा ३१ मार्चला वर्षाचे हिशेब मिटवून घरी यायला मला अकरा वाजले. सगळी निजलेली. सवयीने रजिस्टर उघडलं, दिवसाच्या नोंदी तपासायला. ‘इतर’च्या पलीकडे, समासात, हिरव्या खडूने एक वाकडी रेघ मारलेली दिसली. वर लिहिलं होतं, ‘ताई’.

मी पानं मागे उलटली. रेघ पुष्कळ पानांवर होती. सही करताना मी ती पाहिलीही असेन. पोरीने खडूने रेघोट्या मारल्या, एवढंच वाटलं असेल. पहिलीतल्या अक्षरात, माझ्याच पद्धतीने, नोंदी होत्या. ‘दूद पिले.’ ‘औषद नाही.’ ‘झोप आजीजवळ.’ ‘चित्राला बाईंनी स्टार दिला.’ एका गुरुवारी होतं, ‘रडली. थोडी. खरं.’ आणि २९ तारखेला होतं, ‘दात पडला. डबीत आहे. बाबांना सांगायचे.’

३० तारखेला पुन्हा, ‘बाबांना सांगायचे.’

३१ तारखेला पुन्हा, ‘बाबांना सांगायचे.’

न मिटलेली बाकी आम्ही दर वर्षी अशीच पुढे ओढतो. त्या दिवशी मी हेच करून आलो होतो. शाखेत एक पैसा इकडचा तिकडे राहिला नव्हता. प्रत्येक नोंदीपुढे तपासणाऱ्याच्या जागी तिने स्वतःच ‘ता’ लिहिलं होतं. नोंद करणारी तीच आणि तपासणारीही तीच. बँकेत हे चालत नाही. नियम आहे, कारण एकट्याने केलेल्या कामाची जबाबदारी एकट्यावर पडू नये. मी ते पान बराच वेळ समोर धरून बसलो.

पहिला दात छपरावर टाकायचा, असं आजीने तिला सांगितलेलं. तीन दिवस गच्चीवर न्यायला कोणी मोकळं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे, जुळे उठायच्या आत, मी तिला उठवलं. सर्दीच्या मलमाच्या रिकाम्या डबीत दात होता, कापसात नीट गुंडाळलेला. आम्ही दोघं गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीवरच्या पत्र्यावर तिने तो फेकला. टण् असा आवाज आला. मी रजिस्टर बरोबर घेतलं होतं. तिने लिहिलं, ‘दात टाकला.’ मी तपासून पुढे पूर्ण सही केली, बँकेत करतो तशी, खाली रेघ मारून. तिने सही बारकाईने पाहिली. मग उरलेली जुनी पानं माझ्यापुढे धरली. मी त्या सगळ्यांवर सह्या केल्या. खडूची रेघ पुसून तिथे पेनने रेघ मारायचं ठरलं.

“बाबा,” ती म्हणाली. पुढच्या दोन दातांच्या मधून आता हवा जात होती, त्यामुळे ‘बाबा’ नीट आलं, पण पुढचं सगळं शिट्टीसारखं. काय म्हणायचं होतं ते राहूनच गेलं, कारण खालच्या मजल्यावरून एकदम दोन आवाज उठले.

मी सवयीने उठलो. तिने मान तिरकी करून ऐकलं.

“बसा,” ती म्हणाली. “आत्ता दोघंही खोटं रडतायत.”

आम्ही आणखी पाच मिनिटं बसलो.